वांग, कुरळे केस आणि टँकरचं पाणी : दिवाळी ते पावसाळा, घरच्या घरी वापरून पाहिलेल्या गोष्टी

सनस्क्रीनची 50 ग्रॅमची ट्यूब तुम्हाला किती दिवस पुरते, हे एकदा मोजून बघा. रोज लावूनही ती चार-पाच महिने टिकत असेल, तर वेष्टनावर लिहिलेलं संरक्षण तुमच्या चेहऱ्याला मिळतच नाही. एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा ठरवताना प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावतात. त्या हिशोबाने चेहऱ्याला साधारण सव्वा ग्रॅम लागतं, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत काढलेल्या दोन रेघा. अशी लावली तर ट्यूब सव्वा महिन्यात संपते. मी गेल्या दिवाळीनंतर जे जे वापरायला सुरुवात केली, त्यात सगळ्यात जास्त फरक या दोन रेघांनी पडला. म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

माझ्या दोन्ही गालांवर वांग, म्हणजे काळपट डाग, आहेत, दुसऱ्या बाळंतपणानंतर आलेले. वांग येण्यात ऊन, हार्मोन्समधले बदल आणि घरातली प्रवृत्ती या तिन्हींचा हात असतो. माझ्या आईलाही होते. ते पूर्ण पुसले जातील अशी आशा त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीतच दिली नाही. फिके होतील आणि उन्हात हयगय केली की परत गडद होतील, असं स्पष्ट सांगितलं. हे आधीच कळल्यामुळे मी बाटल्यांकडून अवास्तव काही मागितलं नाही आणि पुढचे महिने शांतपणे काढू शकले.

आपल्या रंगाच्या त्वचेला वांग असतील तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. फक्त अतिनील किरणांनीच नव्हे, डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही वांग गडद होतात. नेहमीची पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश फारसा अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेली, त्वचेच्या रंगाची छटा दिलेली सनस्क्रीन लागते. मी आधी साधी एसपीएफ 50, पीए चार प्लसवाली लावत होते (पीए म्हणजे यूव्हीए या अतिनील किरणांपासूनचं संरक्षण). जानेवारीपासून छटेवाली घेतली. एसपीएफ 30 आणि 50 यांत घाबरण्यासारखं अंतर नाही, पहिली सुमारे 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी अतिनील किरणं अडवते, दुसरी सुमारे 98. अंतर पडतं ते किती लावली यात, आणि दुपारी पुन्हा लावली का यात.

छटेवाल्या सनस्क्रीनची खरी अडचण रंगाची. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक छटा गोऱ्या किंवा फिकट गव्हाळ त्वचेसाठी केलेल्या दिसतात. सावळ्या चेहऱ्यावर त्या राखाडी दिसतात, आणि दोन बोटांएवढं प्रमाण लावल्यावर तर फारच. मला तिसऱ्या खेपेला जुळणारी मिळाली. ती किंचित महाग आहे, पण रोज लावावीशी वाटते. जी सनस्क्रीन लावायचा कंटाळा येतो ती कितीही चांगली असली तरी कपाटातच राहते, त्यामुळे निवडताना मी आता आधी पोत आणि रंग बघते.

पुण्यात स्कूटीवर जाणाऱ्या आम्हा बायकांचा भरवसा स्कार्फवर. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती स्कार्फ खरंच उपयोगी आहे, तो सोडू नका. मात्र घाम आणि कापडाचं घर्षण यांनी नाक, गालाची हाडं आणि हनुवटी इथली सनस्क्रीन पुसली जाते, आणि वांग नेमके गालांच्या हाडांवरच असतात. मी शिकवते त्या शाळेत पोचल्यावर स्कार्फ सोडला की मी तिथे पुन्हा एक रेघ लावते. आमच्या वर्गांना मोठ्या खिडक्या आहेत. काचेतून यूव्हीए आत येतं, त्यामुळे ‘मी तर घरातच असते’ हे म्हणणंही फारसं खरं नाही.

सीरमबद्दल आता. नायसिनामाइड म्हणजे जीवनसत्त्व बी 3. रंगद्रव्य ते तयार करणाऱ्या पेशींकडून वरच्या पेशींकडे जातं, त्या वाटेत नायसिनामाइड अडसर घालतं. यावरचे अभ्यास प्रामुख्याने 2 ते 5 टक्के प्रमाणावर झालेले आहेत, पण आपल्या बाजारात 10 टक्क्यांच्या बाटल्यांचा सुळसुळाट आहे. 10 टक्केवाल्या सीरमने माझ्या नाकाच्या बाजूला लाली आणि चुणचुण व्हायची. 5 टक्क्यांवर आल्यावर ते थांबलं आणि फायद्यात काही उणं पडलं नाही. वांग असलेल्या त्वचेला जळजळ झाली की ती जागा आणखी काळवंडते, म्हणून बाटलीवरचा मोठा आकडा बघून भुलू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

वांगांवर खरं काम केलं ॲझेलेइक ॲसिडने. डॉक्टरांनी 10 टक्क्यांपासून सुरू करून 20 वर नेलं. पहिले काही आठवडे लावल्यावर खाज सुटते. कोरड्या चेहऱ्यावर आधी मॉइश्चरायझर आणि वर हे, असं केल्यावर सुसह्य झालं. गरोदरपणातही डॉक्टर हे देऊ शकतात, जे रेटिनॉलच्या (जीवनसत्त्व ए च्या एका रूपाच्या) बाबतीत चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत आरशात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्वचेचा वरचा थर बदलायला तरुणपणी सुमारे 28 दिवस लागतात आणि वयानुसार ते वाढत जातात. तेव्हा कुठलीही गोष्ट किमान अडीच-तीन महिने वापरल्याशिवाय तिच्यावर निकाल देऊ नये. होळीच्या सुमारास उजवा गाल स्पष्ट फिका दिसायला लागला. डावा अजून मागे आहे.

व्हिटॅमिन सीचं सीरम मी पुन्हा घेणार नाही. गुणाने ते चांगलंच आहे, पण त्यातलं व्हिटॅमिन सी, म्हणजे शुद्ध एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, हे हवा, उजेड आणि उष्णता यांनी खराब होतं. एप्रिलमध्ये आमच्या बेडरूममध्ये ते पिवळ्याचं तपकिरी झालं तेव्हा बाटली निम्मीसुद्धा संपली नव्हती. घ्यायचंच असेल तर लहान बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि रंग गडद झाला की मोह न ठेवता टाकून द्या.

आणि लिंबू. आमच्याकडे प्रत्येक हळदीकुंकवाला कुणीतरी मावशी मला लिंबू आणि साय लावायला सांगते. सायीला माझा विरोध नाही. लिंबाचा रस मात्र चेहऱ्याच्या मानाने फार आम्ल असतो, शिवाय लिंबाच्या सालीत अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग पडतात. वांगांवर लिंबू चोळून उन्हात जाण्याइतकं उलटं काम दुसरं नाही.

त्याहून गंभीर गोष्ट बिनलेबलच्या डबीची. माझ्या एका सहकारी शिक्षिकेला पार्लरमधून एक क्रीम मिळालं होतं. आठवड्यात चेहरा उजळला, सगळ्यांनी विचारलं, मग हळूहळू लाली, बारीक शिरा, ओठांभोवती पुटकुळ्या. क्रीम बंद केलं की आग, सुरू केलं की आराम. त्यात स्टेरॉइड होतं. 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ‘मेडिकलमधून ते वांगाचं क्रीम आण’ हे वाक्य मी आजही ऐकते. पाऱ्याचा धोका तर याहून मोठा. आपल्याच अकोल्यात एका घरातल्या तिघींच्या किडन्यांना गोरेपणाच्या क्रीममुळे इजा झाली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात केलेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी सगळीकडे आली होती. ज्या डबीवर घटक, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत नाही, ती कितीही आपुलकीने दिलेली असो, चेहऱ्याला लावू नका. विशेषतः मुलींना लावू देऊ नका.

चेहऱ्याचं इतकं पुरे. केसांचं प्रकरण वेगळं आहे आणि मला त्यात जास्त रस आहे.

माझे केस कुरळे, म्हणजे लहानपणापासून तेल चोपडून दोन घट्ट वेण्यांत बांधलेले. त्यांना मोकळं सोडायला मी आता कुठे शिकते आहे. पण आमच्या सोसायटीत जानेवारीपासून टँकर सुरू होतात आणि पाणी बोअरचं. बादलीच्या काठावर, नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो, तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. तोच केसांवरही बसतो. महागडं कंडिशनर लावून केस राठ राहात असतील तर आधी पाणी बघा. मला दोन गोष्टींनी फरक पडला. महिन्यातून एक-दोनदा क्षार काढणारा शाम्पू, ज्याच्या घटकांत ईडीटीए (क्षार धरून ठेवणारं रसायन) वरच्या ओळींत असतं. आणि न्हाऊन झाल्यावर शेवटचे दोन तांबे आरओच्या पाण्याचे. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मात्र डोक्यावर घेऊ नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

तेल मी सोडलं नाही, फक्त त्याची वेळ बदलली. 2003 मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. धुण्याआधी लावल्यावर केसांतलं प्रथिन वाया जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतलं आहे हे लक्षात ठेवूनही मी ते मानते, कारण माझ्या केसांवर तेच दिसतं. न्हाण्याआधी दोन तास, केसांच्या लांबीला. टाळूला नाही. मला कोंडा होतो, आणि कोंड्याशी निगडित जी बुरशी टाळूवर असते तिला तेल हे खाद्यच आहे.

जवसाचं जेल ही या सगळ्या महिन्यांतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, सतत ढवळायचं. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार धरली की लगेच गॅस बंद करायचा आणि गरम असतानाच गाळायचं. गार झाल्यावर ते मलमलच्या फडक्यातून उतरता उतरत नाही. यात टिकवणारं काही नसल्यामुळे फ्रिजमध्ये आठवडाभरच ठेवते, उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. वास आंबूस आला की टाकायचं. चिंब ओल्या केसांना लावून, बटा मुठीत धरून वर दाबायच्या, जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक वाटतात. मग हातावर खोबरेलाचे दोन थेंब घेऊन चुरगाळले की मऊ होतात. थंडीत आणि उन्हाळ्यात मला विकतच्या कोणत्याही जेलपेक्षा हे सरस वाटलं.

पावसाळ्यात नाही. जुलैमध्ये माहेरी चिपळूणला गेले तेव्हा सकाळी छान बसलेल्या बटा दुपारच्या जेवणापर्यंत पिंजारल्या. हवेतली वाफ केसांत शिरते आणि त्यांना फुगवते. जवसाचं जेल आणि ग्लिसरीनवाली क्रीम्स या दोन्हींची तिथे डाळ शिजत नाही. पावसात मी विकतचं, घट्ट बसणारं, ग्लिसरीन नसलेलं जेल वापरते, नाहीतर सरळ अंबाडा.

गरम हवेच्या ब्रशचंही तेच. केसांतले काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना जसा आकार असेल तसे पुन्हा जुळतात, ब्रशचं सगळं कसब एवढ्यावरच आहे. पुण्याच्या मार्चमध्ये केलेली रचना दुसऱ्या दिवशीही टिकते, कोकणातल्या आषाढात तासाभरात मोडते. यंत्रात दोष नाही. घेताना तापमान कमी-जास्त करता येतं का ते बघा, आणि स्ट्रेटनर ओल्या केसांवर कधीच फिरवू नका, आतलं पाणी उकळून केसात पोकळ्या होतात आणि तो तिथेच तुटतो. केस कायमचे सरळ करणारी रसायनं मी घरी आणणार नाही, पार्लरमध्येही करणार नाही. ग्लायऑक्सिलिक ॲसिड असलेल्या अशा उपचारानंतर एका तरुणीच्या किडनीला पुन्हा पुन्हा इजा झाल्याचं 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं. ते वाचल्यावर माझा विचार पक्का झाला.

आईसाठी केसांचा रंगही या काळात बदलला. ती वर्षानुवर्षं काळी मेंदी लावायची आणि मेंदी म्हणून निर्धास्त असायची. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस असतो; पाकिटातली मेंदी अर्ध्या तासात केस काळेभोर करत असेल तर बहुतेक त्यात पीपीडी हे केस रंगवणारं रसायन असतं, आणि त्याची ॲलर्जी पुढे कधीही उद्भवू शकते. कानामागे थोडा रंग लावून 48 तास थांबायचं, हे पाकिटावर लिहिलेलं असतं आणि कुणीच करत नाही. आईच्या कपाळाला खाज सुटायला लागल्यावर आम्ही साधी मेंदी आणि त्यानंतर निळीच्या पानांची पूड, असं दोन टप्प्यांत सुरू केलं. तिचीही आधी कानामागे चाचणी घेतली. मेंदीचे तीन तास, धुणं, मग निळीचा तासभर, आणि शाम्पू दुसऱ्या दिवशी. रंग गडद तपकिरी येतो, पूर्ण काळा नाही. महिन्याभरात मुळं पांढरी दिसू लागतात. आईला दुपारचा वेळ असतो आणि हा घाट तिला आवडतो. मला शाळा सांभाळून दर महिन्याला ते जमणार नाही, त्यामुळे माझे चार पांढरे केस तूर्त आहेत तसेच आहेत.