केनेडी हत्या: एकटा ऑस्वाल्ड की कट? मत ठरवू पाहणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी दुपारी साडेबारा वाजता डॅलसच्या डीली प्लाझामधून उघड्या मोटारीतून जाताना राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि अर्ध्या तासाने पार्कलंड रुग्णालयात त्यांना मृत घोषित करण्यात आले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या आयोगाने असा निष्कर्ष दिला की ली हार्वी ऑस्वाल्ड या २४ वर्षांच्या माजी मरीन सैनिकाने हे कृत्य एकट्याने केले. १९७९ मध्ये मात्र अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने ही हत्या बहुधा कटातून झाली असावी, असे म्हटले. दोन अधिकृत चौकशा आणि दोन वेगळी उत्तरे अशी स्थिती असल्यामुळे, या वादाकडे सरकार एका बाजूला आणि संशयी जनता दुसऱ्या बाजूला अशा नजरेने पाहून चालत नाही.

मत ठरवू पाहणाऱ्याने आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'एकटा मारेकरी' हा एक ठोस आरोप आहे. त्यात माणूस, बंदूक, खिडकी आणि वेळ ठरलेली आहे. 'कट' हा मात्र एक आरोप नाही. माफिया, सीआयए, फिडेल कॅस्ट्रो, कॅस्ट्रोचे शत्रू असलेले क्यूबन निर्वासित, सोव्हिएत संघ, उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन असे अनेक संशयित पुढे केले जातात आणि त्यांतले बरेचसे एकमेकांना छेद देतात. कॅस्ट्रोविरुद्धचा पुरावा हा कॅस्ट्रोविरोधकांविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही. अधिकृत अहवालातील प्रत्येक त्रुटी 'कटा'च्या खात्यात एकत्र जमा केली की ते खाते फुगलेले दिसते. पण एकेक सिद्धांत स्वतंत्रपणे उभा करून त्याच्याकडे माणूस, बंदूक आणि वेळ मागितली की चित्र पालटते. म्हणून मी इथे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत: गोळ्या कोणी झाडल्या, आणि झाडणाऱ्याच्या मागे कोणी होते का.

गोळ्या कोणी झाडल्या?

एकट्या मारेकऱ्याची बाजू सर्वांत भक्कम आहे ती इथे. ऑस्वाल्ड जिथे कामाला होता त्या टेक्सस स्कूल बुक डिपॉझिटरी या डीली प्लाझालगतच्या पुस्तककोठाराच्या सहाव्या मजल्यावर ६.५ मिलिमीटरची इटालियन मानलिकर-कार्कानो रायफल आणि खिडकीजवळ तीन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. ही रायफल मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या एका दुकानाकडून 'ए. हिडेल' या नावाने टपालाने मागवलेली होती. दुर्बीण आणि टपालखर्च धरून तिचे २१ डॉलर ४५ सेंट झाले होते आणि ज्या टपालपेटीवर ती आली ती ऑस्वाल्डची होती. मागणीपत्रावरचे हस्ताक्षर त्याचेच असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले आणि अटकेच्या वेळी त्याच्या खिशात हिडेल नावाचे बनावट ओळखपत्र मिळाले. मोटारीत सापडलेले गोळीचे मोठे तुकडे आणि त्या तीन पुंगळ्या याच रायफलीच्या असल्याचे तपासणीत दिसून आले.

त्याच्या वागण्याचा पुरावा मला याहून बोलका वाटतो. एरवी केवळ शनिवार-रविवारी पत्नीकडे डॅलसजवळच्या अर्व्हिंगला जाणारा हा माणूस त्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळीच तिथे गेला. रायफल तिथल्या गॅरेजमध्ये ठेवलेली होती. सकाळी निघताना त्याने लग्नाची अंगठी एका कपात आणि १७० डॉलर पाकिटात ठेवून दिले. कामावर नेणाऱ्या सहकाऱ्याला त्याने हातातल्या तपकिरी कागदाच्या लांबट पुडक्यात पडद्याचे दांडे असल्याचे सांगितले. गोळीबारानंतर तो इमारतीतून निघून गेला. सव्वा वाजण्याच्या सुमारास पोलीस अधिकारी जे. डी. टिपिट यांचा ओक क्लिफ भागात खून झाला आणि काही वेळात एका चित्रपटगृहात ऑस्वाल्ड पिस्तुलासह पकडला गेला. आपल्याकडे रायफल नव्हतीच, असे तो चौकशीत सांगत राहिला, पण हातात रायफल घेतलेली त्याची छायाचित्रे आपणच काढल्याचे त्याच्या पत्नीने सांगितले आणि प्रतिनिधिगृहाच्या समितीच्या तज्ज्ञांनी ती अस्सल ठरवली.

कटवादी या साखळीवर जिथे बोट ठेवतात त्या जागा खोट्या नाहीत. रायफलीच्या नळीवरून उचललेला तळहाताचा ठसा एफबीआयकडे काही दिवस उशिरा पोचला. पुडके पाहणाऱ्या सहकाऱ्याने त्याची जी लांबी सांगितली ती सुट्या केलेल्या रायफलीपेक्षाही कमी भरते. ऑस्वाल्डची जवळपास बारा तासांची चौकशी ना ध्वनिमुद्रित झाली ना शब्दशः लिहून घेतली गेली, आणि 'मला बळीचा बकरा केले आहे' असे वार्ताहरांपुढे ओरडलेल्या आरोपीच्या बाबतीत ही हयगय अक्षम्य म्हणावी अशी आहे. पण या त्रुटी एकेका दुव्याला सैल करतात. दुसऱ्या कोणाच्या हातात दुसरी बंदूक त्या देत नाहीत.

एका गोळीचा वाद

सारी लढाई जिथे लढली जाते ती जागा म्हणजे केनेडींच्या पाठीत शिरून गळ्यातून बाहेर पडलेली आणि पुढे बसलेल्या गव्हर्नर जॉन कॉनली यांच्या छातीतून, मनगटातून जाऊन मांडीत पोचलेली ती एक गोळी. हौशी छायाचित्रकार एब्राहम झप्रुडर यांच्या फिल्मवरून दोघांच्या जखमांमधले वेळेचे अंतर मोजले, तर त्या रायफलीला दोन नेमांच्या मध्ये लागणारे किमान २.३ सेकंदही मिळत नाहीत. म्हणजे एकतर दोघांना एकच गोळी लागली, नाहीतर दुसरा बंदूकधारी होता. आयोगाचे सदस्य रिचर्ड रसेल यांनी तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन्सन यांना दूरध्वनीवर सांगितले होते की आपल्याला ही एका गोळीची कल्पना पटत नाही, आणि जॉन्सन यांनीही आपले तसेच मत असल्याचे म्हटले. ते संभाषण ध्वनिमुद्रित आहे, त्यामुळे संशय घेणाऱ्यांना वेड्यात काढण्याचे कारण नाही.

तरीही प्रत्यक्ष भूमिती तपासली तर संशय बराच विरतो. गोळीने हवेत वळणे घेतल्याचे दाखवणाऱ्या कटवाद्यांच्या प्रसिद्ध आकृत्यांमध्ये कॉनली केनेडींच्या नेमके समोर आणि समान उंचीवर बसलेले असतात. मोटारीतील त्यांचे घडीचे आसन मात्र दरवाजापासून आत सरकलेले आणि मागच्या आसनापेक्षा खाली होते, शिवाय ते त्या क्षणी उजवीकडे वळलेले होते. ही स्थिती धरली की सहाव्या मजल्यापासूनची रेषा दोघांमधून सरळ जाते. गोळी 'जशीच्या तशी' निघाली हा कटवाद्यांचा दावाही अर्धसत्य आहे; बाजूने ती अखंड दिसते, पण बुडाकडून पाहिली तर चपटलेली आहे. पहिला आवाज ऐकून आपण वळलो आणि मग आपल्याला गोळी लागली, असे कॉनली आयुष्यभर सांगत राहिले. पहिली गोळी चुकली असे मानले तर ही साक्ष एका गोळीच्या सिद्धांतात बसते, आणि एक नेम चुकला असावा याची खूण म्हणजे पुलाजवळ उभ्या असलेल्या एका बघ्याच्या गालाला झालेली इजा.

एकट्या मारेकऱ्याच्या बाजूचाही एक खांब मात्र पुढे ढासळला. कॉनली यांच्या मनगटातील कण त्याच गोळीचे असल्याचे शिशाच्या रासायनिक विश्लेषणावरून १९७८ मध्ये ठामपणे सांगितले गेले होते, आणि नंतरच्या संख्याशास्त्रीय अभ्यासांनी ती पद्धत इतका ठाम निष्कर्ष देऊ शकत नाही हे दाखवले. हा पुरावा आजही जो वापरतो, त्याचे बाकीचे लेखन सावधपणे वाचावे.

फिल्मच्या ३१३ व्या चौकटीत डोक्याला गोळी लागल्यावर केनेडी मागे झुकतात, हे दृश्य पाहून गोळी समोरून आली असे कोणालाही वाटेल. मलाही हा कटवाद्यांचा सर्वांत प्रभावी मुद्दा वाटतो, पण तो डोळ्यांवर प्रभाव पाडतो, पुरावा म्हणून तो तितका टिकत नाही. त्याआधीच्या एका चौकटीच्या अंतरात डोके किंचित पुढे सरकलेले दिसते, आणि भौतिकशास्त्रज्ञ लुइस आल्व्हारेझ यांनी खरबुजांवर गोळ्या झाडून दाखवले की पुढे वेगाने उडालेल्या द्रव्यामुळे उरलेली वस्तू मागे ढकलली जाऊ शकते. शवविच्छेदनाची छायाचित्रे आणि क्ष-किरण चित्रे तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळांनी गोळी मागून शिरल्याचेच म्हटले, जरी १९७८ च्या मंडळात सिरिल वेक्ट या एका तज्ज्ञाचे मत वेगळे होते.

१९७९ चा कटाचा निष्कर्ष तर जवळपास सर्वस्वी एका ध्वनिमुद्रणावर उभा होता. एका मोटारसायकलस्वार पोलिसाचा मायक्रोफोन उघडा राहिल्यामुळे नोंदवल्या गेलेल्या आवाजांत ताफ्याच्या पुढे उजवीकडे असलेल्या गवताळ उंचवट्यावरून झाडलेली चौथी गोळी असल्याची शक्यता तज्ज्ञांनी ९५ टक्के सांगितली होती. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने दाखवून दिले की त्याच पट्टीवर दुसऱ्या वाहिनीवरचे बोलणे पुसटसे ऐकू येते आणि त्यावरून ते आवाज गोळीबारानंतर सुमारे एका मिनिटाने उमटले आहेत. यावर पुढेही उलटसुलट लेखन झाले, पण त्या निष्कर्षाचे वजन पूर्वीसारखे राहिले नाही. शिवाय, प्रतिनिधिगृहाच्या याच समितीने गोळ्या लागल्या त्या ऑस्वाल्डच्याच, असेही म्हटले होते, हे कटवादी लेखनात क्वचितच सांगितले जाते.

मागे कोणी होते का?

राष्ट्राध्यक्षांविरुद्ध कट होतच नाहीत, असे म्हणणे अमेरिकेच्या इतिहासालाच धरून नाही. १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या हा कटच होता, आठ जणांवर खटला चालला आणि चौघे फासावर गेले. म्हणून केनेडींच्या बाबतीत हा प्रश्न विचारणे रास्तच आहे.

इथे एकट्या मारेकऱ्याच्या बाजूने सर्वांत वजनदार गोष्ट तारखांची आहे. ऑस्वाल्डला डिपॉझिटरीतील नोकरी ऑक्टोबरच्या मध्यावर, एका शेजारणीच्या बोलण्यातून कळलेल्या जागेमुळे लागली. ताफ्याचा मार्ग वृत्तपत्रांत आला तो १९ नोव्हेंबरला. ज्याने त्याला तिथे 'पेरले' त्याला मार्ग आधीच ठाऊक असायला हवा होता. एप्रिलमध्ये निवृत्त जनरल एडविन वॉकर यांच्यावर झालेला गोळीबार ऑस्वाल्डनेच केल्याचे त्याच्या पत्नीने सांगितले, म्हणजे राजकीय हत्येचा विचार त्याच्या डोक्यात कोणी घालण्याची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा जॅक रूबी. नाइटक्लब चालवणारा आणि संघटित गुन्हेगारांशी ओळखी असलेला हा माणूस २४ नोव्हेंबरला पोलीस मुख्यालयाच्या तळघरात शिरतो आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर ऑस्वाल्डला मारतो, हे पाहून तोंड बंद करण्याचा डाव आठवणे स्वाभाविक आहे. पण त्या सकाळचा क्रम जवळून पाहावा. ऑस्वाल्डला दहा वाजता हलवणार, असे जाहीर झाले होते. चौकशी लांबली, निघताना त्याने स्वेटर मागितला, त्यात आणखी वेळ गेला. रूबी मात्र त्या वेळी जवळच्या तार कार्यालयात आपल्या एका नर्तकीला २५ डॉलर पाठवत होता. पावतीवर ११ वाजून १७ मिनिटांचा शिक्का आहे आणि गोळी झाडली गेली ती ११ वाजून २१ मिनिटांनी. त्याचा कुत्रा मोटारीतच होता. ठरवून पाठवलेला मारेकरी ठरलेल्या वेळेनंतर तासाहून अधिक काळ असा निर्धास्त राहील, हे पटत नाही. प्रतिनिधिगृहाच्या समितीला मात्र रूबीचे कृत्य निव्वळ क्षणिक वाटले नाही आणि त्याला आत शिरायला कोणा पोलिसाची मदत झाली असावी, अशी शंका तिने नोंदवली. ती शंका मी बाजूला सारणार नाही.

लपवाछपवी झाली, हे सिद्धच आहे

एकट्या मारेकऱ्याचे समर्थक जिथे अवघडतात ती जागा हीच. आयोगावर बसलेले सीआयएचे माजी प्रमुख ॲलन डलेस यांनी कॅस्ट्रोला मारण्यासाठी सीआयएने माफियाशी केलेल्या हातमिळवणीची माहिती आयोगाला दिली नाही. ती १९७५ मध्ये सिनेटच्या चौकशीत उघड झाली. ऑस्वाल्डने एफबीआयच्या डॅलस कार्यालयात आणून दिलेली चिठ्ठी त्याच्या मृत्यूनंतर वरिष्ठांच्या सांगण्यावरून नष्ट केली गेली. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर ह्यूम्स यांनी आपला पहिला मसुदा जाळला.

ही लपवाछपवी कशासाठी होती, यावर सारे अवलंबून आहे. डोळ्यांसमोरचा माणूस निसटला याची नाचक्की आणि परदेशी नेत्याच्या हत्येचे स्वतःचे कारस्थान, ही दोन कारणे जे जे लपवले त्याचा बहुतेक उलगडा करतात. खुनात सहभाग होता म्हणून लपवले, हे त्यातून आपोआप निघत नाही. पण अशा वर्तनामुळे जनतेचा विश्वास उडाला याचा दोष या संस्थांकडेच जातो. २०२३ च्या गॅलप पाहणीत ६५ टक्के अमेरिकनांना एकाहून अधिक लोक सामील असल्याचे वाटत होते.

माझा कौल असा आहे: केनेडींना लागलेल्या गोळ्या ऑस्वाल्डने त्याच खिडकीतून झाडल्या, हे मी वाजवी शंकेपलीकडे मानतो. त्याला कोणी चिथावले किंवा साहाय्य केले याचा पुरावा साठ वर्षांत पुढे आलेला नाही, परंतु तो वेळीच नीट शोधलाही गेला नाही, म्हणून या दुसऱ्या उत्तरावर माझा विश्वास पहिल्याइतका पक्का नाही. सप्टेंबर १९६३ अखेरीस ऑस्वाल्ड मेक्सिको सिटीत क्यूबन आणि सोव्हिएत वकिलातींत जाऊन आला, आणि या ठिकाणांवर सीआयएची पाळत होती. त्याआधी ऑगस्टमध्ये न्यू ऑर्लिन्सला कॅस्ट्रोविरोधी विद्यार्थी संघटनेच्या लोकांशी त्याची झटापट झाली होती. त्या संघटनेचा सीआयएतील सूत्रधार जॉर्ज जोअनिडीस याचीच १९७८ मध्ये चौकशी समितीशी समन्वय साधण्यासाठी नेमणूक झाली आणि समितीला त्याची जुनी भूमिका कळू दिली गेली नाही. १९९२ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने, आणि २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर, कागदपत्रे खुली झाली आहेत. ज्यांना या विषयात आणखी खोल जायचे आहे त्यांनी आपला वेळ गवताळ उंचवट्यावरील कुंपणामागच्या धूसर छायाचित्रांपेक्षा मेक्सिको सिटी आणि न्यू ऑर्लिन्स या दोन शहरांविषयीच्या कागदपत्रांवर घालवावा, असे मी सुचवेन.