शिसवी चाटू की करवंटीची डवली?

चाटू म्हणजे दांड्याचा मोठा लाकडी चमचा, डवली म्हणजे करवंटीची पळी. आमच्या स्वयंपाकघरात दोन्ही आहेत आणि दोन्ही हातानेच केलेली. चाटू सुताराने शिसवाच्या एका अखंड तुकड्यातून काढलाय. आधी वाकसाने ढोबळ आकार, मग गोल पटाशीने खळगा, शेवटी फुटक्या काचेच्या कडेने खरवडून गुळगुळीत. लाकडाचे रेषे दांड्यात उभे धावतात, म्हणून तो जोर सोसतो. खळग्याच्या टोकाशी मात्र ते तुटतात. आमच्या चाटूला चीर गेली ती तिथेच, तीही माझ्या आळसाने. रात्रभर मोरीत भिजत पडला होता बिचारा.

डवलीची वाटी तर आयतीच झाडावरून येते! पक्क्या नारळाची करवंटी घासायची, कडेला समोरासमोर दोन भोकं पाडायची, त्यातून बांबूची काठी. डोळ्यांकडची अर्धी करवंटी घेऊ नये, मऊ डोळा कधीतरी फुटतो नि कढी गळते. काठी वाळून सैल झाली की पाचर मारावी लागते.

आमटी, कढी वाढायला डवलीच. पिठलं घोटायचं किंवा शिरा परतायचा तर चाटू, कारण डवलीची गोल कड कढईच्या तळाला नीट टेकतच नाही. कल्हईला दोन्हींचे ओरखडे पडत नाहीत. हळद चाटू जास्त पितो. शिसव काळपट म्हणून दिसत नाही, एवढंच.

चाटू महाग पडतो, तरी एकच घ्यायचं तर मी तोच घेईन. सावलीत वाळवा, अधूनमधून खोबरेल चोळा. आणि मोरीत ठेवू नका.