बुरशीचा खुराक : सात महिने, चौदा शेळ्या

शेळ्यांच्या जंतांवर उपाय म्हणून खुराकातून द्यायच्या बुरशीच्या बीजाणूंची एप्रिलमध्ये मागवलेली पिशवी पंधरा दिवस उशिरा आली आणि खुराकात खंड पडला. दुकानदार म्हणाला, पंधरा दिवसांनी काय बिघडतंय? बिघडतं! हे बीजाणू शेळीच्या पोटात मुक्कामाला राहत नाहीत, थोड्याच दिवसांत लेंडीवाटे संपतात. खायला घालणं थांबलं की राखण थांबली. त्या रागातच लिहायला बसले आहे.

आम्ही ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये, आर्मिडेलच्या बाजूला. इथे पाऊस उन्हाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हिमाँकसचा हंगाम. जठरात चिकटून रक्त पिणारा हा जंत. एकेक मादी दिवसाला 5,000 च्या वर अंडी घालते. औषधंही एकेक करून निकामी होत चालली, म्हणून ऑक्टोबरात ही बुरशी, डडिंग्टोनिया फ्लॅग्रान्स, सुरू केली.

डिसेंबरात मी पार वैतागले होते. लेंड्या तपासल्या तर अंडी जवळपास तेवढीच. एवढे डॉलर मातीत गेले म्हणून नवऱ्याशी भांडलेसुद्धा. मग डॉक्टरांनी समजावलं. पोटातल्या जंताला ही बुरशी हात लावत नाही. लेंडी बाहेर पडली की बीजाणू रुजतात, चिकट फासे विणतात आणि अंड्यांतून निघालेल्या अळ्या गवतावर चढायच्या आत त्यांत अडकून मरतात. म्हणून आधी लागू पडणारं औषध पाजून पोट साफ करायचं असतं. ते मी केलंच नव्हतं. डिसेंबरात पाजलं. एरवी उन्हाळ्यात चारदा पाजावं लागायचं, यंदा तेरा जणींना पुन्हा लागलं नाही. पैसे वसूल, हे आता मनापासून सांगते.

राहिली चौदावी, आमची काळी पाट.

मात्रा वजनावर, तीही रोज, प्रत्येकीला. गव्हाणीत टाकलं की मोठी तांबडी शिंगं मारून सगळ्यांचं खाते आणि पाट मागे उभी राहते. फेब्रुवारीत तिची खालची पापणी उलटून पाहिली तर कागदासारखी पांढरी; पापणीच्या रंगावरून रक्त किती कमी झालं ते सांगणाऱ्या फामाचा तक्त्यावर थेट पाच नंबर, म्हणजे सगळ्यात वाईट. जबड्याखाली पाणी उतरून मऊ पिशवी लोंबत होती. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. तिला तेवढं पुन्हा औषध पाजलं, म्हणून वाचली. शिवाय तिच्या लेंडीत बुरशीच नाही, म्हणजे ती एकटी सगळ्यांच्या कुरणात अळ्या पेरत फिरते. पिशवीवर मात्रा ठळक छापली आहे, पण ती लाजऱ्या जनावराच्या तोंडापर्यंत कशी पोचवायची याबद्दल एक ओळ नाही.

आता चौदा घमेली आहेत. सकाळी प्रत्येकीला वेगळं बांधून खाऊ घालते, चाळीस मिनिटं जातात. काल पाटीची पापणी गुलाबी दिसली.

थंडी पडली की इथे अळ्या वाढत नाहीत, तेव्हा खुराक बंद ठेवणार. सप्टेंबरची पिशवी मात्र जुलैतच मागवणार आहे.