एअर फ्रायर, सॅल्मन आणि आपला गूळ: पावसाळ्याआधी घेतलेला, आत्तापर्यंतचा अनुभव

कोल्हापुरात एअर फ्रायर घेतला म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, मटण होतंय काय त्यात? तुकडे भाजून निघतात, पण तांबडा-पांढरा करायचा तर पातेलंच लागतंय, त्यामुळं तेवढ्यासाठी घेणार असाल तर पैसे ठेवा खिशात. मी घेतला कारण सकाळचे डबे बायको बघते आणि संध्याकाळचं माझ्याकडं असतं, गोकुळ शिरगावातनं सुटून घरी यायला साडेसात, पोरगं तोवर भुकेनं घर डोक्यावर घेतंय. ह्या टायमाला गॅससमोर उभं न राहता काहीतरी बरं खायला मिळावं एवढीच अपेक्षा होती. ती सगळ्यात जास्त पुरी केली ती सॅल्मननं, म्हणून मशीनपेक्षा त्याबद्दलच जास्त लिहितोय.

आधी एक क्लिअर करतो. नावात फ्रायर असलं तरी हे तळत नाही. वर कॉइल, त्याच्यावर पंखा, आणि ती गरम हवा बास्केटमध्ये जोरात फिरते, बास, म्हणजे छोटा ओव्हनच. त्यामुळं रवा लावलेली सुरमई ह्यात टाकली तर रवा जागोजागी पांढरा कोरडा राहतो, वरनं तेल मारलं तरी तव्याची मजा नाही ती नाही. सॅल्मनचं वेगळं आहे, त्याच्या अंगातच इतकं तेल असतंय की वरनं थेंब घालावा लागत नाही.

आता सॅल्मन मिळतो कुठं. आपल्याकडं मासा येतो तो रत्नागिरी-मालवणकडनं, सुरमई, बांगडा, पापलेट वगैरे, त्यात हा नसतो. हा थंड पाण्यातला, विकायला येतो तो बहुतेक नॉर्वे किंवा चिलीकडं पाळलेला, आणि आपल्यापर्यंत पोचतो फ्रोझन. किलोला दोन हजाराच्या वरच धरून चाला. काही जण इंडियन सॅल्मन म्हणून देतात तो रावस. रावस मासा भारी आहे, प्रश्नच नाही, पण त्यात एवढी चरबी नसते, त्यामुळं खाली दिलेल्या टायमिंगला तो कोरडा पडतो, त्याला दोन-तीन मिनिटं कमी द्या.

पाकीट आदल्या रात्री फ्रीजरमधनं खाली फ्रीजमध्ये ठेवायचं, आणि व्हॅक्यूम पॅक असेल तर फोडून मगच ठेवायचं, कारण हवाबंद पाकिटात नको ते जंतू वाढायचा धोका असतो. संध्याकाळी आल्यावर तुकडे मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं. ह्यानं शिजताना वर जो पांढरा चिकट साका येतो तो कमी येतो (ते माशातलं प्रोटीन असतंय, खराब नाही, पण पोरगं बघितल्यावर ताट सरकवतं). मग टिश्यूनं चांगला कोरडा करायचा, ओला राहिला तर भाजत नाही, वाफवला जातो.

वरच्या ग्लेझसाठी बाहेरचे लोक मध किंवा ब्राऊन शुगर घेतात. अरे आपण कोल्हापुरात राहतो, घरात गुळाची ढेप असताना मध कशाला! तीन तुकड्यांना दोन चमचे किसलेला गूळ, दीड चमचा सोया सॉस, चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून, थोडं आलं, अर्ध्या लिंबाचा रस, आणि घरची कांदा-लसूण चटणी अर्धा चमचा. चटणी घातल्याशिवाय आमच्यात कोण खात नाही. छोट्या कढल्यात बारीक गॅसवर काकवीसारखा दाट होईतोवर हलवायचं. वेगळं मीठ अजिबात घालू नका, सोया सॉस आणि चटणी दोन्ही खारट असतात, आणि मासा मिठाच्या पाण्यातनं आलेला असतो.

आणि खरी गोम इथं आहे. बऱ्याच रेसिपीत ग्लेझ आधीच फासून मासा आत टाकायला सांगतात. गुळाला ते चालत नाही. गुळात साखरेपेक्षा ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त, त्यामुळं तो लवकर काळा पडतो, वर कॉइल जवळ आणि खाली मासा अजून कच्चा. म्हणून १८० डिग्रीला प्रीहीट, कातडी खाली करून नुसता मासा पाच-सहा मिनिटं, मग बास्केट ओढून ब्रशनं जाडसर ग्लेझ, आणि परत तीन मिनिटं. हे इंचभर जाड तुकड्याचं झालं, शेपटीकडचा पातळ असेल तर तो आधी काढा. शेवटच्या मिनिटाला बास्केट उघडून बघा, कडेला गुळाचे बारीक बुडबुडे यायला लागले आणि वर चकाकी धरली की बंद. काटा घालून किंचित फिरवला की मास पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतं. थर्मामीटर असेल तर आत ६३ डिग्री. सोबत गरम भात नि काकडीची कोशिंबीर, अर्ध्या तासात जेवायला बसतोय आम्ही.

लाइटबिलाचं बरेच जण विचारतात. माझं मशीन १५०० वॅटचं, बारा मिनिटं चाललं तर ०.३ युनिट, त्यामुळं बिलाचं टेन्शन नको. बघायचं ते सॉकेट. १५०० वॅटला साडेसहा अँपिअर लागतात, म्हणजे ओट्यावरचा मिक्सरचा ६ अँपिअरचा पॉइंट पुरत नाही, १६ चा पाहिजे. पेठेतल्या जुन्या घरांत स्वयंपाकघरात तो नसतोच, आधी वायरमनला बोलवा, एक्स्टेंशन बोर्डावर तर लावूच नका.

आता तक्रारी. बास्केटला एका कोपऱ्यात कोटिंगचा पापुद्रा सुटलाय. तारेची घासणी आमच्याकडं कधी लागलेली नाही, गरम पाण्यात भिजवून स्पंजनंच धुतोय. सर्व्हिस सेंटरचं उत्तर, कोटिंग वॉरंटीत येत नाही, नवीन बास्केट विकत घ्या. आणि तिची किंमत मशीनच्या तिसऱ्या हिश्श्याला! बॉक्सवर चार माणसांसाठी असं लिहिलंय, पण तुकडे एकमेकाला न चिकटता बसतात तीनच, त्यामुळं चौथा माणूस, म्हणजे मी, दुसऱ्या घाण्याला. कागदी लायनर वापरणार असाल तर रिकाम्या मशीनमध्ये प्रीहीटला ठेवू नका, पंख्यानं उडून कॉइलला लागतो.

वासाचा प्रश्न वेगळाच. आई सोमवार-गुरुवार पाळते, आणि कुटाचे शेंगदाणे ह्यात एकसारखे भाजून निघतात हे तिला कळल्यापासून मशीनवर तिचाही हक्क आहे. माशाच्या बास्केटमध्ये माझे शेंगदाणे नकोत म्हणून तिनं सरळ सांगितलं. लिंबाचं साल टाकून पाच मिनिटं चालवलं, धुतलं, तरी तिला वास येतोच, मला येत नाही. शेवटी नवीन बास्केट घेतली ती आईची झाली आणि पापुद्रा निघालेली माझ्याकडं, आता तीवर कागद टाकून मासा वर ठेवतोय.

ओमेगा थ्रीसाठीच खायचा असेल तर एवढे पैसे घालायची गरज नाही हेही सांगतो, बांगडा-तारलीत ते भरपूर असतंय. अख्खा बांगडा चिरा पाडून, चटणी-लिंबू लावून १८० ला बारा मिनिटं, मस्त होतो. आमच्यात आठवड्याला बांगडा आणि सॅल्मन महिन्यातनं एखाद्या वेळी, पगार झाल्यावर.

घेणार असाल तर साडेचार लिटरच्या खालचा बघू नका, चौकोनी बास्केटचा घ्या, गोल बास्केटमध्ये लांबट तुकडे नीट बसत नाहीत. आणि पैसे द्यायच्या आधी दुकानात एकच विचारा, नुसती बास्केट मिळते काय आणि केवढ्याला.