पिंजऱ्यातील पंगससाठी फॉस्फेटयुक्त क जीवनसत्त्व: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जलाशयातील आमच्या पिंजऱ्यांमधून पंगस काढताना पाठ वाकलेले मासे हाती येऊ लागले. काहींचा कणा बाजूला वळलेला होता, काहींच्या कल्ल्यांवरचे झाकण आखूड राहिले होते, आणि परांच्या बुडाशी रक्त साकळल्यासारखे लाल डाग दिसत होते. संसर्ग समजून मी मिठाचे पाणी वापरून पाहिले; त्याने काहीच फरक पडला नाही.

पुढे एका जाणकार मत्स्यतज्ज्ञांनी मासे पाहून खाद्याची गोणी दाखवायला सांगितली. बहुतेक हाडयुक्त माशांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करणारे गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज हे विकर नसते, त्यामुळे ते खाद्यातूनच मिळावे लागते. ते कमी पडले की कोलॅजन (शरीरातील ऊतींना बळकटी देणारे प्रथिन) नीट बांधले जात नाही, आणि मग हाड, कूर्चा, रक्तवाहिन्या व जखमा भरण्याची क्रिया सगळेच कच्चे राहते. तळ्यातल्या माशाला प्लवक आणि शेवाळातून थोडाफार आधार मिळतो, पिंजऱ्यातला मासा मात्र जवळजवळ पूर्णपणे गोणीवर अवलंबून असतो. आमची गोणी पत्र्याच्या शेडमध्ये तीन-तीन महिने तापत पडलेली असे, आणि साधे ॲस्कॉर्बिक आम्ल उष्णता, ओल व हवेने झपाट्याने नष्ट होते. चूक माझी होती, हे मला मान्य आहे.

तेव्हापासून मी ३५ टक्के सक्रियतेची, म्हणजे वजनाच्या ३५ टक्के क जीवनसत्त्व देणारी, फॉस्फेट जोडलेली पावडर वापरतो. साध्या पावडरीपेक्षा ती बरीच महाग आहे, पण साठवणीत टिकते आणि माशाच्या शरीरात गेल्यावर फॉस्फेट सुटून जीवनसत्त्व मोकळे होते. तिलापिया या माशाची गरज किलो खाद्याला सुमारे ५० मिलिग्रॅम मानली जाते. आमच्या पंगससाठी साठवणीतील व पाण्यातील घट धरून मी १०० मिलिग्रॅम ठरवले. म्हणजे २५ किलोच्या गोणीला सुमारे ७ ग्रॅम पावडर लागते. एवढी चिमूट सगळ्या दाण्यांना सारखी लागावी म्हणून ती आधी थोड्या पाण्यात विरघळवून फवारतो, दाणे सावलीत सुकवतो आणि वरून तेलाचा हलका हात देतो. तेल ताजेच हवे. खवट तेलाने ई जीवनसत्त्वाचा नाश होतो आणि यकृताची हानी होऊ शकते.

आधीच वाकलेला एकही मासा सरळ झाला नाही, तशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. फरक दिसला तो नंतर सोडलेल्या बोटुकलीत (बोटाएवढ्या पिलांत): या तुकडीत पाठ वाकलेले मासे क्वचितच सापडले, आणि प्रतवारी करताना जाळ्याने खरचटलेल्या जखमा लवकर भरल्या. मात्र त्याच सुमारास मी खाद्य महिन्यापुरतेच आणून थंड, कोरड्या खोलीत लाकडी फळ्यांवर ठेवू लागलो, त्यामुळे सगळे श्रेय पावडरीला देणे मला प्रामाणिक वाटत नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यावर दोन पिंजऱ्यांत व्रणाचा जिवाणूजन्य रोग आलाच. हे औषध नव्हे, हे तेव्हा नीट कळले.

माझी एकच तक्रार आहे. मला मिळालेल्या डब्यावर सक्रियतेची टक्केवारी फार बारीक अक्षरांत छापलेली होती, आणि पहिले दोन आठवडे ती न वाचता पावडर शंभर टक्के धरून मी जवळजवळ एक तृतीयांशच मात्रा देत राहिलो.