मोटुल फोर्क ऑइल एक्स्पर्ट ५डब्ल्यू: डॅम्परला उत्तम, लोअर लेग्जना नको

माउंटन बाइकच्या सस्पेन्शन फोर्कसाठी (पुढचे धक्के शोषणारा भाग) बाटलीवरचा '५डब्ल्यू' हा जाडीचा आकडा बघून तेल घेऊ नका. एका कंपनीचं ५ दुसरीच्या ५ पेक्षा बरंच जाड निघू शकतं. ४० अंश सेल्सिअसला किती सेंटीस्टोक (तेलाच्या जाडीचं माप), तेवढंच बघा. हे तेल १८ च्या आसपास, याच मालिकेतलं १०डब्ल्यू ३६ च्या आसपास.

ओपन बाथ डॅम्परसाठी (फोर्कची हालचाल आवरणारा, मोकळ्या तेलात चालणारा भाग) मॅन्युअलमध्ये १६ ते १८ सांगितलं असेल, तर हे बिनधास्त घ्या. तिथे ३६ वालं ओतलंत तर रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येणं, मंदावतो. लागोपाठच्या दगडांवर फोर्क पुरता वर येण्याआधीच पुन्हा दबतो, मग रिबाउंडचा नॉब पूर्ण उघडूनही हाताला हादरे बसतातच.

लोअर लेग्जमध्ये, म्हणजे फोर्कच्या खालच्या बाहेरच्या नळ्यांमध्ये, मात्र हे पातळ पडतं. तिथलं काम वंगणाचं. बुशिंगला (आतल्या नळ्या ज्यांवर सरकतात त्या कड्यांना) धरून राहणारं जाड तेलच हवं. दोन्ही पायांची मात्रा वेगळी असू शकते, म्हणून सिरिंजनेच मोजा. जास्त झालं की आत हवेला जागा उरत नाही आणि ट्रॅव्हलचा (फोर्क दबण्याच्या अंतराचा) शेवटचा भाग कडक लागतो. डस्ट सीलखालची फोम रिंग तेलात पूर्ण भिजवूनच बसवा. आणि काम करताना डिस्क रोटर झाका. एक थेंब उडाला तरी ब्रेक पॅड खराब होतात.