घड्याळ की इन्स्ट्रक्शनची मोजणी?

महासंगणकावरच्या एमपीआय प्रोग्रॅमचा, म्हणजे अनेक प्रोसेस एकमेकींना संदेश पाठवत वाटून करतात अशा प्रोग्रॅमचा, वेग जोखायचा, तर एक वाट अशी की तोच रन अनेकदा चालवून घड्याळी वेळेचा मध्यक घ्यावा. दुसरी अशी की प्रत्येक प्रोसेसने पार पाडलेल्या इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरला दिलेल्या मूलभूत आज्ञा) मोजून त्यांवर संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्ये मांडलेले तार्किक घड्याळ, म्हणजे खऱ्या वेळेऐवजी आकड्यांनी घटनांचा क्रम सांगणारा मोजक, चालवावे. मी काही वर्षे पहिल्या वाटेने गेलो. आता बहुधा दुसरीने जातो.

घड्याळाची बाजू भक्कम आहे. कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) माहिती न सापडल्याने किंवा मेमरीची बँडविड्थ अपुरी पडल्याने वाया गेलेला वेळ घड्याळालाच दिसतो. इन्स्ट्रक्शनची संख्या तेवढीच राहते.

मला जाचली ती एकच गोष्ट. एका सामायिक क्लस्टरवर मी एका लूपमध्ये बदल केला आणि रन सुमारे 8 टक्क्यांनी मंदावला. बदल मागे घेतला, तरी मंदच. 3 दिवस रांगेत जॉब टाकत राहिलो, तेव्हा लक्षात आले की दुसऱ्या कोणाचा तरी जॉब चेकपॉइंट (आपली आतापर्यंतची स्थिती डिस्कवर) लिहू लागला की नेटवर्कवर ताण येऊन माझे ऑलरिड्यूस, म्हणजे सगळ्या प्रोसेसचे आकडे एकत्र करून निकाल सगळ्यांना देणारा सामूहिक कॉल, रखडते. मध्यकाऐवजी सर्वांत कमी वेळ धरावी म्हटले, तर मोठ्या रनमध्ये तीही निखळ नसते. हजारो प्रोसेसपैकी एखादी तरी दर फेरीला ऑपरेटिंग सिस्टीमच्या किरकोळ कामासाठी थांबवली जाते, आणि अशा सामूहिक कॉलमध्ये बाकीच्या सगळ्या तिच्यासाठी खोळंबतात. लॉस अलामॉसच्या ॲस्की क्यू यंत्राचे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण याचीच साक्ष देते: तेथे 4 प्रोसेसरांच्या नोडवर 3च वापरले, तर मोठ्या रनमध्ये सेज हा प्रोग्रॅम उलट वेगाने धावत असे.

तार्किक घड्याळात संदेश घेणारी प्रोसेस मागे असेल, तर तिचा आकडा पाठवणारीच्या आकड्यापुढे सरकवला जातो. ती किती खोळंबली हे ही उडीच सांगते, त्यामुळे कामाची असमान वाटणी येथेही उघड दिसते. माझ्या अनुभवात पहाटेचा आणि भर दुपारचा रन असा जवळजवळ सारखाच उतरतो. पथ्य मात्र पाळावे लागते. अनेक एमपीआय लायब्रऱ्या वाट पाहताना पोलिंगच्या लूपमध्ये, म्हणजे संदेश आला का हे पुन्हा पुन्हा तपासत, फिरत राहतात; त्या इन्स्ट्रक्शन गणल्या, तर बाहेर ठेवलेला नॉइज (शेजारच्या जॉबचा आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा व्यत्यय) मागल्या दाराने आत येतो, म्हणून एमपीआय कॉलच्या आतली मोजणी मी वगळतो.

प्रोग्रॅम मेमरीवर अडणारा असेल, तर घड्याळ सोडू नये, असे मला वाटते. पण आपल्या बदलाने काम वाढले की शेजाऱ्यामुळे वेळ गेला, एवढेच ठरवायचे असेल, तर मी आधी इन्स्ट्रक्शनचे आकडे पाहीन, आणि बदल कायम करण्यापूर्वी घड्याळी वेळ पडताळून घेईन.